भूक गेली, आता काटा सांभाळा: लो-कार्बचे पहिले सहा आठवडे

नवव्या दिवशी दुपारचे अडीच वाजले तरी माझा डबा उघडलेला नव्हता, आणि मला त्याचा आनंदच झाला होता. एरवी साडेबारा वाजले की माझ्या पोटात कावळे ओरडायचे. त्या दिवशी जेवणाची आठवणसुद्धा झाली नाही. पोळी-भात सोडून आठवडा झाला होता, काटा अडीच किलो खाली आला होता, आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

तिसऱ्या आठवड्यात दोन जिने चढून धाप लागायला लागली. खाली बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासूबाईंनी माझ्या पानाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे काय चिमणीचं जेवण वाढून घेतलंयस?" तेव्हा कुठे आठवड्याभराचं खाणं आठवून कागदावर उतरवलं. काही दिवस जेमतेम सातशे कॅलरी पोटात गेल्या होत्या आणि प्रथिनं तीस ग्रॅमसुद्धा नव्हती. भूक नव्हती म्हणून कळलंच नव्हतं.

भूक गप्प बसली की तिचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. माझ्याकडे ते काम स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि एक दोनशे पानी वही करते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी ते क्रमानं लिहिते आहे.

१. आधी गोळ्यांचा डबा उघडा

कंटाळवाणी पायरी आहे, पण हीच पहिली. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि तुम्ही एकदम पोळी-भात बंद केला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा, मग पान बदलायचं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर जास्तच सांभाळा: त्या गोळीवर कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि साखर मोजली तर ती फारशी वाढलेली दिसतही नाही, म्हणून फसगत होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब पहिल्या काही आठवड्यांत जास्तच उतरू शकतो. उठताना येणारी अंधारी त्यामुळेही असू शकते.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढीच्या वयातली मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, टाइप १ मधुमेह असलेले, आणि पूर्वी कधी खाण्याशी भांडण झालेले, म्हणजे उपाशी राहणं किंवा खाऊन उलटी काढणं असा इतिहास असलेले, यांनी लेख वाचून हे सुरू करू नये.

आणखी एक. साखर किंवा वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर भूक आधीच मंदावलेली असते. मेटफॉर्मिननंही सुरुवातीला बऱ्याच जणांचं अन्नावरून मन उडतं. त्यात लो-कार्बची भर पडली की दिवस दिवस काही न खाता निघून जातात. असं असेल तर खालची पाचवी आणि सहावी पायरी दोनदा वाचा.

२. भूक का जाते, थोडक्यात

साधी आकडेमोड आधी बघू. मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीच्या भाकरीत ३५च्या आसपास, वाटीभर भातात ४०. दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, तीन वेळा साखरेचा चहा आणि संध्याकाळचे बशीभर पोहे धरले तर एवढ्यातच आपण दोनशेच्या जवळ जातो. दिवसाला १३०च्या खाली आलं की त्याला ढोबळमानानं लो-कार्ब म्हणतात. २० ते ५०च्या दरम्यान आलं की ते किटो.

इतकं कमी झालं की यकृत चरबीपासून किटोन, म्हणजे साखरेऐवजी चालणारं इंधन, बनवायला लागतं. किटोन वाढले की भूक पेटवणारं घ्रेलिन हे संप्रेरक नेहमीसारखं उसळत नाही. शिवाय पानातली प्रथिनं वाढलेली असतात आणि ती पोट भरल्याची जाणीव जास्त वेळ टिकवतात. साखरेचे चढउतारही कमी होतात, त्यामुळे अकराची आणि पाचची ती ठरलेली खाखा थांबते. इथवर सगळं अपेक्षित आहे, चांगलंही आहे.

३. भूक नाही, की अन्न नको?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

भूक नसणं म्हणजे जेवणाची आठवण होत नाही, पण पान समोर आलं की चार घास चवीनं जातात. अन्नावरची वासना उडणं वेगळं. फोडणीचा वास आला की मळमळतं, घास तोंडात फिरत राहतो, अंडं बघितलं की शिसारी येते. पहिल्या प्रकाराला घड्याळ पुरतं. दुसऱ्याचं कारण शोधावं लागतं.

सुरुवातीच्या दोन आठवड्यांत कारण बहुधा तीनपैकी एक निघतं: मीठ कमी पडलंय, पोट साफ होत नाहीये, किंवा तूप-लोण्याचा मारा झालाय. तिसऱ्याबद्दल दोन शब्द. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं की कॉफीत दोन चमचे तूप घाला, आणि माणूस ते पिऊन दुपारी तीनपर्यंत फिरकत नाही. मग म्हणतो भूक मेली. मरणारच. तीस ग्रॅम तुपात अडीचशेच्या वर कॅलरी असतात आणि प्रथिनं शून्य. तूप वाईट नाही, पण जेवण म्हणून ते पिऊ नका.

तोंडाला धातूसारखी चव येणं, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येणं, हे किटोनमुळे होतं आणि काही दिवसांत कमी होतं. त्यावर लवंग किंवा बडीशेप चघळा. सुपारी नको.

४. मीठ

इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि त्याबरोबर पाणीही जातं. आपल्याकडे हे जास्त जाणवतं, कारण पोळी-भाताबरोबर लोणचं, पापड, फरसाणही सुटतं, आणि मिठाचा अर्धा रस्ता तिथूनच होता. मग डोकं धरतं, पाय गळतात, मळमळतं, पोटरीत गोळे येतात. लोक समजतात हा डाएट मला मानवत नाही.

रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांची तक्रार नसेल तर दिवसातून दोनदा पेलाभर पातळ ताक, त्यात पाव-पाव चमचा मीठ, जिरेपूड आणि चिमूटभर हिंग. मांसाहारी घरात मटणाचं अळणी असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. माझी डोकेदुखी ताकानं तासाभरात उतरली. तक्रार असेल तर मीठ डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

५. पानात आधी प्रथिनं वाढा

जेवण चारच घास जाणार असेल तर ते चार घास कशाचे, याला महत्त्व येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरत असताना स्नायू टिकवायचे असतील तर मी एक ते सव्वा ग्रॅम धरते, आणि तेही आजच्या वजनावर नाही, तर उंचीला शोभेल अशा वजनावर. साठ किलो धरलं तर ६० ते ७५ ग्रॅम.

ते जमतं कसं? तीन अंड्यांचे १८, शंभर ग्रॅम पनीरचे साधारण १८, दोनशे ग्रॅम दह्याचे ७, सुरमईच्या शंभर ग्रॅमच्या तुकड्याचे २०. झाले ६३. शाकाहारी पानात अंडं आणि मासळी दोन्ही नाहीत, तिथे खरी कसरत आहे. सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ३० ग्रॅम, १५ ग्रॅम प्रथिनं देतात. मूठभर भाजलेले शेंगदाणे सात-आठ देतात. डाळींमध्ये प्रथिनांच्या दुपटीहून जास्त कर्बोदकं असतात, त्यामुळे किटोत त्या बसत नाहीत. पण शंभर ग्रॅमच्या आसपासच्या लो-कार्बमध्ये वाटीभर घट्ट वरण किंवा पिठलं खुशाल बसवा. पिठल्याबरोबर भाकरी नसली तर ते खायचं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. चमच्यानं, कच्च्या कांद्याबरोबर. सवय होते.

उपवासाचं सांगून टाकते, कारण दर चतुर्थीला कुणीतरी विचारतंच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. भगर आणि राजगिराही धान्यासारखेच धरा. लो-कार्बवर उपवास करायचा तर दही, ताक, शेंगदाणे, ओलं खोबरं, काकडीची कोशिंबीर. मूत्रखडा झालेला असेल तर शेंगदाण्यांवर सगळा भार टाकू नका.

६. घड्याळावर जेवा

दोन किंवा तीन वेळा ठरवा आणि गजर लावा. माझ्या वेळा साडेनऊ, दीड आणि साडेसात. गजर झाला की भूक असो-नसो, पानावर बसायचं आणि प्रथिनांचा वाटा संपवायचा. भाजी उरली तरी चालेल.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवायची पद्धत घरोघरी पोचली आहे. ती वेगळी पद्धत आहे, तिच्यात पोळी-भाकरी असते. लोक काय करतात, तिकडची दोन जेवणं घेतात, इकडची भाकरीबंदी घेतात, वर भूकही नसते, आणि दोन जेवणं मिळून एका जेवणाएवढं अन्न पोटात जातं. एका वेळी एकच धरा.

घास जात नसेल तेव्हा मला उपयोगी पडलेल्या गोष्टी: जेवणाआधी अर्धा तास पाणी-ताकानं पोट भरून ठेवू नका. गरम अन्नाच्या वासानं मळमळत असेल तर गार खा, उकडलेलं अंडं, दही, पनीरचे तुकडे मीठ-मिरपूड लावून. आंबट आणि तिखट जिभेला जागं करतं, म्हणून लिंबाची फोड, चटकाभर ठेचा, कोकमाचं सार (गूळ न घालता) पानात असू द्या. कोकणी घरातल्यांना सोलकढी सुचवायची गरज नाही. जवसाची, कारळ्याची, तिळाची कोरडी चटणी दह्यात कालवली की दोन चमचे जास्त जातात. ताटाऐवजी लहान बशीत वाढा. भरलेलं ताट बघूनच काही जणांचं पोट भरतं. आणि थोडं चालून या. जेवणाआधी वीस मिनिटं चाललं की माझी भूक निदान डोळा तरी उघडते.

पोट साफ होत नसेल तर आधी ते बघा. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी या पालेभाज्या दोन्ही वेळेला घ्या, पाणी वाढवा, रात्री चमचाभर इसबगोल. चार दिवस पोट जड असताना कुणालाच जेवावंसं वाटत नाही, त्यात किटोनचा काही दोष नाही.

७. काटा कुठे ठेवायचा, केव्हा चढायचं

साधा डिजिटल काटा पुरतो. चरबीचं प्रमाण सांगणारे काटे पायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात, आणि अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की तो अंदाज घसरतो. लो-कार्बच्या सुरुवातीला पाणीच कमी-जास्त होत असतं, म्हणून तो आकडा सोडून द्या.

काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा गालिच्यावर नाही. रोज त्याच फरशीवर. सकाळी उठून, शौचाला जाऊन, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यात.

काटा खरा बोलतो का, हे बघायची युक्ती अशी: आधी तुम्ही चढा, मग पाच किलो आट्याची न फोडलेली पिशवी हातात घेऊन चढा. फरक पाच किलोच्या जवळपास यायला हवा. दुसरी युक्ती त्याहून कामाची. काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला तर तोच परत दाखवतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं किती अचूक आहे! शंका असेल तर मधे पिशवी घेऊन एकदा चढा, उतरा, आणि मग परत रिकाम्या हातानं वजन करा. माझ्या काट्याची ही लबाडी मला दीड महिन्यानं कळली.

पहिल्या आठवड्याच्या घसरणीवर पेढे वाटू नका. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. ते रिकामं झालं की दीड-दोन किलो असेच जातात, वर मिठाबरोबरचं पाणी वेगळं. माझे अडीच किलो त्यातलेच. हाच हिशेब उलटाही चालतो: लग्नात जिलेबी-मसालेभात खाल्ला की दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलो वर. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका पंगतीत तेवढं जादा खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

८. रोजचा आकडा लिहा, आठवड्याची सरासरी वाचा

वहीत उभ्या पाच रेघा मारा: तारीख, वजन, किती वेळा जेवलो, प्रथिनं अंदाजे, आणि शेरा. शेऱ्यात एकदोन शब्द: "झोप नाही", "पापड", "पोट जड", "पाळी", "अन्न नको". महिन्यानं वाचताना सगळ्यात जास्त माहिती याच रकान्यात सापडते.

माझ्या वहीतले दोन आठवडे देते. पहिला: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.३, ७९.२, ७८.६, ७८.०. बेरीज ५४९.५, भागिले सात, सरासरी ७८.५. दुसरा: ७८.२, ७७.८, ७८.०, ७८.७, ७८.१, ७७.६, ७७.६. बेरीज ५४६, सरासरी ७८.०. अर्धा किलो उतरलं. पण दुसऱ्या आठवड्याच्या चौथ्या दिवशीचे ७८.७ बघा. पहिल्या आठवड्याच्या पहिल्या दिवसाशी ताडून पाहिलं तर वजन वाढलंय! त्या दिवशी मी चिडून रात्रीचं जेवले नव्हते. शेऱ्यात लिहिलंय, "आदल्या रात्री सुकट". खारवलेली सुकट, दुसरं काय होणार.

बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघावा. त्या दिवसांत अंगात पाणी धरतं, एक-दोन किलोही वर जाऊ शकतं.

रोज चढल्यानं मन खट्टू होत असेल, किंवा आकडा बघून जेवण ठरायला लागलं असेल, तर आठवड्यातून एकदाच चढा, ठरलेल्या वारी. सरासरी तितकी पक्की मिळणार नाही, पण जेवण सुटण्यापेक्षा ते बरं.

पहिले दोन आठवडे सोडले तर सरासरी आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरली म्हणजे ठीक चाललंय. ७८ किलोला ते ४०० ते ८०० ग्रॅम होतात. सलग तीन आठवडे एक टक्क्याहून जास्त उतरत असेल आणि प्रथिनांचा रकाना रिकामा असेल, तर तुम्ही उपाशी आहात. अशा वेगानं स्नायू झडतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात केस यायला लागतात. तेव्हा कारण आठवत नाही, माणूस शाम्पू बदलत बसतो.

महिन्यातून दोनदा शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात. काटा महिनाभर अडलेला असतानाही टेप दोन बोटं सैल झालेली मी पाहिली आहे.

कधी वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं

अन्नावरची वासना दोन आठवड्यांहून जास्त गेलेली असेल, मीठ-पोट-तूप सगळं करून झालं असेल, तर डाएटवर ढकलून मोकळं होऊ नका. संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम आणि उतरणारं वजन, ही आपल्या देशात क्षयाची चिन्हं आहेत आणि तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजनाची घसरण म्हणजे साखर तपासा. डोळे पिवळे, लघवी गडद असेल तर कावीळ. घास गिळताना अडकत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. सतत उलट्या, पोटात दुखणं आणि जोरजोरात श्वास चालणं, विशेषतः मधुमेही माणसाला, यात मात्र उद्याची वाट बघायची नाही, सरळ इस्पितळ गाठायचं. तिथे "मी भात-पोळी बंद केली आहे" हे वाक्य पहिल्यांदा सांगा आणि गोळ्यांची पाकिटं दाखवा.

घरात वयस्कर माणूस तुमच्याबरोबर हौसेनं हे करत असेल तर त्याच्या वहीवर तुमचंही लक्ष असू द्या. सत्तरीनंतर गेलेला स्नायू परत कमवायला फार कष्ट पडतात.

सहा आठवड्यांनंतरची भाकरी

भूक पूर्णच बसली असेल आणि घड्याळावरही जेवण जात नसेल तर मी एक करते, दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी परत घेते. पंधरा-सतरा ग्रॅम कर्बोदकं होतात, लो-कार्बमध्ये सहज बसतात, आणि भाकरीच्या निमित्तानं पिठलं, मासळी, पालेभाजी दुप्पट जाते. काटा दोन दिवसांत अर्धा-पाऊण किलो वर सरकेल आणि तिथेच थांबेल. घाबरून भाकरी परत बंद करू नका. दहा दिवस द्या, मग सरासरी काढा. तेवढं त्या दिवशीच्या शेऱ्यात "भाकरी" लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तो उंचवटा कशाचा म्हणून विचार करत बसाल.